१० ची सळई, १२ चं बिल आणि १९९३ चा निकाल

पनवेलच्या आसपासच्या गावांत सध्या जुनी कौलारू घरं पाडून आरसीसीची बांधणं जोरात चालू आहे. आणि त्यासोबत एक भांडणही. ठरली होती १२ एमएमची सळई, स्लॅब भरून झाल्यावर उरलेले तुकडे बघितले तर १० ची. ऐकायला फरक २ एमएमचा, पण छेदाचं क्षेत्रफळ काढा: लोखंड जवळपास ३० टक्के कमी! आता स्लॅब फोडून तर बघता येत नाही. मग घरमालकाच्या हातात काय उरतं? त्यासाठी जरा मागे जाऊ.

सुरुवात १८७२ च्या भारतीय करार कायद्यापासून. करार मोडला तर नुकसानभरपाई मागता येते, हे तेव्हापासून आहे. पण वाट दिवाणी कोर्टाची. वकील, तारखा, वर्षं. कर्ज काढून घर बांधणाऱ्याला ते कुठून झेपणार?

पुढे मुंबईत फ्लॅट विकायचा धंदा वाढला आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. ताबा मिळाल्यापासून ३ वर्षांत बांधकामातला किंवा मालातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. चांगली तरतूद, पण फ्लॅटवाल्यांसाठी.

त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. १९८१ मध्ये सिमेंट वाटपाचं प्रकरण बाहेर आलं, आणि जानेवारी १९८२ मध्ये हायकोर्टाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या गोणीवरून मुख्यमंत्र्याची खुर्ची जाते, ती साध्या माणसाला निवडून कशी मिळणार? 'कुठलं सिमेंट' हा प्रश्नच नव्हता, 'मिळेल का' एवढाच होता. नियंत्रण पूर्ण उठलं १९८९ मध्ये.

१९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा आला. पण घर म्हणजे स्थावर मालमत्ता, त्याला हा कायदा कसा लागेल, असा वाद घातला जायचा. ५ नोव्हेंबर १९९३ ला सुप्रीम कोर्टाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात तो मिटवला. पैसे घेऊन घर बांधून देणं ही सेवा आहे, आणि हलका माल वापरणं ही त्या सेवेतली त्रुटी. महत्त्वाचं म्हणजे, कोर्टाने यात कॉन्ट्रॅक्टरही धरला.

मग 'रेरा'चं काय? त्यात ५ वर्षांची हमी आहे, पण ती बिल्डरच्या प्रकल्पांना. स्वतःच्या जागेवर स्वतः कॉन्ट्रॅक्टर लावणाऱ्याला रेरा नाही, मोफा नाही. त्याच्यासाठी दार आहे ते १९९३ चंच. रायगडकरांनी अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. वकील सक्तीचा नाही, मुदत साधारण २ वर्षं.

पण तिथे पहिला प्रश्न येतो: ठरलं काय होतं? आणि इथेच आपली गाडी अडते. कॉन्ट्रॅक्टर बहुतेक वेळा गावातलाच, नाहीतर भावकीतला. लिहून मागितलं की म्हणतो, "विश्वास नाय काय?" आमच्या नात्यात एकांनी या एका वाक्यापायी कागद केला नाही. पुढे गळती लागली तेव्हा दोघांची आठवण वेगवेगळी निघाली.

म्हणून कागद करा. सिमेंटची कंपनी आणि प्रकार, सळईचा ग्रेड आणि जाडी, वाळू कुठली, सगळं लिहा. खाडीची खारी वाळू नको, हेही लिहा. मिठाने सळई आतून गंजते आणि काँक्रीट फुटतं. गाडी उतरली की सळई वजन करून घ्या: एमएममधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. १२ एमएमची १२ मीटर सळई साधारण १०.६ किलो भरली पाहिजे. बिलं जपा, आणि स्लॅब भरायच्या आधी सळईवर टेप लावून फोटो काढा. सॉफ्टवेअरवाले ज्याला लॉग म्हणतात, तेच हे. बिघडल्यावर लिहायला बसलात तर उपयोग नाही.

आणि कोणी म्हणालंच, विश्वास नाही का, तर सांगा: विश्वास आहे म्हणूनच काम तुला दिलंय, कागद दोघांसाठी आहे.

भेटू पुढच्या भागात!