जिभेखालची दोरी

२७ सप्टेंबर १६०१ च्या रात्री फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या राजवाड्यात राजपुत्र जन्मला. गादीला वारस मिळाला म्हणून सगळे खूष. पण दुसऱ्या दिवशी बाळराजांना दूध ओढता येईना. एरुआर नावाचा राजवैद्य या मुलाची रोजनिशी लिहीत असे, अगदी जन्मापासून. त्यात नोंद आहे की तोंड उघडून पाहिलं तेव्हा जिभेखालचा पडदा आड येतोय असं दिसलं. मग राजाचा शस्त्रवैद्य गियेमो याने त्याच संध्याकाळी तो तीन वेळा कात्री चालवून कापला. हाच मुलगा पुढे तेरावा लुई झाला. गंमत म्हणजे मोठेपणी हा राजा तोतरा होता! दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण लोकांनी तो हजारो वर्षं लावला आहे. आजचा लेख त्या गोंधळाबद्दल.

आधी थोडं शरीरशास्त्र (मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा सोप्या भाषेत). आरशासमोर जीभ वर उचला. खाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल. तो सगळ्यांनाच असतो. काही बाळांत तो आखूड किंवा जाड असतो, किंवा थेट जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येत नाही, रडताना तिचा बदामासारखा आकार होतो. यालाच टंग-टाय म्हणतात. आता अंगावर पिताना बाळ नुसतं चोखत नाही. ते जीभ पुढे काढून स्तनाचा बराचसा भाग तोंडात धरतं, मग जीभ खाली नेतं, पोकळी तयार होते आणि दूध येतं. जीभ बांधलेली असेल तर पकड सुटते, बाळ हिरड्यांनी चावतं, आईच्या स्तनाग्रांना चिरा पडतात, आणि तासभर पिऊनही बाळ उपाशीच. त्यात दूधही कमी होत जातं, कारण जेवढं ओढलं जाईल तेवढंच नवीन तयार होतं.

ही झाली दुधाची गोष्ट. पण जुन्या वैद्यांचं लक्ष होतं बोलण्याकडे. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने या शस्त्रक्रियेचं वर्णन केलं आहे: जिभेचं टोक चिमट्यात धरा, पडदा कापा, बाजूच्या रक्तवाहिन्या सांभाळा. आणि पुढे एक फार प्रामाणिक गोष्ट लिहून ठेवली आहे. एका रोग्याची जीभ कापल्यावर दातांच्या पुढेपर्यंत मोकळी येऊ लागली, पण वाचा काही आली नाही. तेव्हा वैद्यकात काय करायचं हे ठरलेलं असलं, तरी त्याचं फळ मिळेलच असं नाही, असं तो म्हणतो.

ही बोलण्याची समजूत सगळीकडे होती. आपल्याकडेही मूल बोबडं बोललं की "जीभ जड आहे" म्हणत आणि वेखंड उगाळून लावत.

युरोपात हे काम पुढे बरंचसं सुइणींच्या हाती गेलं, आणि त्या चक्क नखाने पडदा फाडत. इटलीतल्या फाब्रिसियससारख्या शस्त्रवैद्यांनी यावर कडक टीका केली. अठराव्या शतकात पॅरिसच्या झाँ-लुई पेती याने धोके मांडले: रक्त थांबलं नाही तर बाळ ते चोखून गिळत राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, फार खोल कापलं तर जीभ मागे जाऊन श्वास कोंडतो. जीभ उचलून धरायला खाच असलेली एक धातूची पट्टी तेव्हापासून शस्त्रवैद्यांच्या पेटीत आहे. आजही सर्जिकल सामानाच्या दुकानात ती मिळते.

मग विसाव्या शतकात बाटली आली. बाटलीतून दूध ओढायला जिभेला तेवढी कसरत नसते. म्हणजे बग तसाच राहिला, पण ज्या कामात तो दिसायचा ते कामच बंद झालं! उरला प्रश्न बोलण्याचा. १९४१ साली अमेरिकेत वाचादोष असलेल्या १००० जणांच्या पाहणीत टंग-टाय फक्त ४ जणांत सापडली. निष्कर्ष: कापायची गरज नाही. बोलण्यापुरता तो ठीकच होता. पण त्याबरोबर दुधाचा प्रश्नही फायलीत बंद झाला, आणि "असं काही नसतं" हेच डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्या शिकल्या.

१९७० नंतर स्तनपान परत येऊ लागलं, तसा तो बगही परत दिसू लागला. २००५ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला ५७ बाळांवर चाचणी झाली. एका गटाचा पडदा लगेच कापला, दुसऱ्या गटातल्या आयांना ४८ तास फक्त पाजण्याबाबत सल्ला दिला. पहिल्या गटातल्या २८ पैकी २७ बाळांचं पिणं सुधारलं, दुसऱ्यातल्या २९ पैकी एकाचंच. आकडे जबरदस्त आहेत, पण आपल्या बाळाचा पडदा कापलाय की नाही हे आयांना माहीत होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या एकत्र केल्या. आईच्या वेदना थोड्या काळापुरत्या कमी होतात हे दिसलं, पण बाळाचं पिणं दरवेळी सुधारतं हे सिद्ध झालं नाही.

तोवर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला होता. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींत १९९७ साली अशा शस्त्रक्रिया १२७९ होत्या, २०१२ साली १२,४०६. मग लेसर आले, न दिसणारी "मागची" टंग-टाय आली, ओठाखालचा पडदाही कापू लागले. २०२४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला सांगावं लागलं की टंग-टाय असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच पिताना अडचण येते, आणि ओठाचा पडदा तर त्यासाठी कापूच नये.

थोडक्यात काय, तर कापणं कधीच अवघड नव्हतं. नवजात बाळात काही सेकंदांचं काम, बहुधा थेंब-दोन थेंब रक्त, आणि लगेच बाळ आईजवळ. अवघड आहे ते ठरवणं. पडदा दिसतोय म्हणून कापणं आणि पडदा हे खूळ आहे म्हणून आईला परत पाठवणं, दोन्ही सारखंच चूक. प्रश्न पडदा कसा दिसतो हा नाही, बाळ पितं कसं हा आहे. म्हणून जाणकार माणसाने आधी एक पूर्ण पाजणं बसून पाहावं, पकड सुधारून बघावी, वजन बघावं. तरीही जमत नसेल आणि जीभ खरंच अडकलेली असेल, तर बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मिळालंय याची खात्री करून अनुभवी डॉक्टरांकडून कापून घ्यावं.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. रात्री तीन वाजता बाळाला पाजताना बाळंतिणीच्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर "पहिलटकरणीला दुखतंच गं" म्हणून विषय संपवू नका. राजपुत्राच्या वेळी कुणीतरी दुसऱ्याच दिवशी तोंड उघडून पाहिलं होतं. तेवढं तरी प्रत्येक बाळाच्या वाट्याला यायला हरकत नाही.