बियाण्याचा गहूं आणि पोटाची साक्ष

गव्हाच्या शेतीचा आरंभ मानवजातीनें प्राचीन काळीं ज्या प्रदेशांत केला, त्यांतच आजचा इराक देश मोडतो. त्याच भूमींत इ. स. १९७१-७२ च्या हिंवाळ्यांत गव्हानेंच हजारों माणसांचा घात केला.

त्यापूर्वीं अवर्षणामुळें तेथील पिकें बुडालीं होतीं. म्हणून सरकारनें मेक्सिकोंतून अधिक उत्पन्न देणाऱ्या गव्हाचें सुमारें ७३,००० टन बियाणें मागविलें. काणी व बुरशी यांपासून रक्षण व्हावें यासाठीं त्यास मेथिल-पाऱ्याचें औषध चोळलेलें होतें आणि ओळख पटावी म्हणून दाण्यांना तांबूस रंग दिलेला होता. पोत्यांवर इशाराहि छापलेला होता. पण तो परकी भाषांत! अरबी किंवा कुर्दी बोलणाऱ्या खेडुतास तो असून नसल्यासारखाच. शिवाय पुष्कळ ठिकाणीं बियाणें पोहोंचलें तेव्हां पेरणी उरकली होती. घरांत धान्य नाहीं आणि दारांत गव्हाचीं पोतीं पडलेलीं, अशा वेळीं भुकेल्यानें काय करावें?

हा शेतकरी मूर्ख नव्हता. कित्येकांनीं ते दाणे आधीं कोंबड्यांना व गुरांना घालून पाहिले; कांहीं दिवस लोटले तरी जनावरें धडधाकट राहिलीं. धुतल्यावर रंग निघून गेला, तेव्हां विषहि गेलें असें वाटलें. वस्तुतः रंग तेवढा गेला, पारा राहिला.

मनुष्याचें पोट हा त्याचा जुना पहारेकरी. नासलेलें अन्न तें बहुधा ओकून टाकतें. येथें मात्र पहारेकरी गप्प बसला. मेथिल-पारा आंतड्यांतून जवळजवळ सगळाच रक्तांत शिरतो आणि मेंदूपर्यंत जातो. लक्षणें दिसण्यास दोन आठवड्यांपासून महिन्याहून अधिक काळ लागला. प्रथम हातपाय व ओठ बधिर होत. मग तोल जाई, बोलणें अडखळे, दृष्टि आकुंचित होई, आणि कित्येकांस अंधत्व येई.

एकंदर ६,५३० रोगी रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकीं ४५९ दगावले. कित्येक गर्भवतींना स्वतःस फारसा त्रास झाला नाहीं. त्यांच्या बाळांचे मेंदू मात्र जन्मतःच अधू निघाले.

उपचारहि आंतड्यांतूनच शोधण्यांत आला. हा पारा पित्तावाटे पुनः आंतड्यांत उतरतो आणि तेथून पुनः रक्तांत शोषला जातो. म्हणून त्यास धरून मळावाटे बाहेर नेणारी एक कृत्रिम राळ कांहीं रोग्यांच्या पोटांत देण्यांत आली. आंतड्यांतील सूक्ष्म जंतूहि या पाऱ्याचें रूप पालटून तो बाहेर पडण्यास साह्य करतात. राळेनें शरीरांतील पारा लौकर घटला. परंतु मेंदूची झालेली हानि भरून आली नाहीं.

पूर्वसूचना मिळालेलीच नव्हती, असेंहि नाहीं. पारा चोळलेल्या बियाण्यानें इराकमध्येंच १९५६ व १९६० सालीं माणसें दगावलीं होतीं. स्वीडननें १९६६ मध्यें असल्या पाऱ्याचा बियाण्यासाठीं वापर थांबविला होता. सर्व राष्ट्रांसाठीं पाऱ्याविषयींचा मिनामाता करार व्हावयास मात्र २०१३ साल उजाडावें लागलें.

शेतांतील औषध किती घातक, याची पारख भुकेल्या माणसाच्या पोटावर सोंपविणें हा अन्याय होय. पोट तत्काळ साक्ष देतेंच असें नाहीं. आणि तें बोलूं लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ती पारख औषध चोळणाऱ्यानें आणि बियाणें वांटणाऱ्यानें आधींच केली पाहिजे, व इशारा खाणाऱ्याच्या भाषेंत दिला पाहिजे.