पिंकसचं जोड्यांचं दुकान

'शूपालास्ट पिंकस' हा १९१६ सालचा जर्मन मूकपट. नावाचा अर्थ पिंकसचा जोड्यांचा महाल. तासाभराचा आहे. मागच्या सुट्टीत मुलांबरोबर घरी पाहिला. शाळेतून हाकललेला साली पिंकस जोड्यांच्या दुकानात उमेदवारीला लागतो. कामापेक्षा पोरींकडे लक्ष जास्त. एक नोकरी सुटते, दुसरी मिळते. शेवटी एका नर्तकीकडून पैसे घेऊन तो स्वतःचं भलंमोठं दुकान थाटतो आणि फेडायची वेळ आली की तिलाच लग्नाची मागणी घालतो. म्हणजे पैसा घरातच राहील! मुलं हसली, मीही हसलो.

पिंकसचं काम करणारा आणि चित्रपटाचा दिग्दर्शक एकच, चोवीस वर्षांचा एर्न्स्ट लुबिच. बर्लिनमधल्या ज्यू शिंप्याचा मुलगा. वडिलांचा बायकांच्या कपड्यांचा धंदा होता. हा दिवसा तिथे हिशेबाच्या वह्या लिहायचा आणि संध्याकाळी माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत छोटी कामं करायचा. गिऱ्हाइकापुढे किती वाकायचं, मालकाची नजर कशी चुकवायची, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

मुलीने विचारलं, "अब्बा, हा ज्यू आहे असं कुठे म्हटलंय?" कुठेच नाही. साली आणि पिंकस, एवढं बर्लिनच्या प्रेक्षकाला पुरत असे. भाड्याचं घर शोधताना फोनवर नाव सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरते, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी आणखी काय समजावू?

मी अडलो ते सालापाशी. १९१६ म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात. ज्यू तरुण आघाडीवर जायचं टाळतात अशी ओरड चालू होती. त्या वर्षी ऑक्टोबरात प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने सैन्यातल्या ज्यूंची वेगळी मोजणी करायचा हुकूम काढला. त्या युद्धात सुमारे १ लाख ज्यू जर्मन सैन्यात होते, त्यांतले १२ हजारांच्या आसपास मारले गेले. मोजणीचे आकडे मात्र युद्ध संपेपर्यंत जाहीर झालेच नाहीत. हजेरी घ्यायची, हजर असलेल्यांची नावं दाबून ठेवायची आणि वर्गात कुजबूज चालू द्यायची, असला हा प्रकार.

मग अशा वर्षी लुबिचने आपल्याच दुकानदाराला लबाड दाखवायला नको होतं का? त्याच्यावर हा आक्षेप पुढे घेतला गेला. मला तो पटत नाही. आमच्याकडे लग्नघरात मामू लोक भंगारवाल्याची, बेकरीवाल्याची नक्कल करतात आणि खुद्द बेकरीवालेच पोट धरून हसतात. तीच नक्कल स्टाफरूममध्ये कुणी केली की माझा चहा घशाखाली उतरत नाही. लुबिचचा पिंकस लबाड खरा, पण तो जिंकावा असं बघणाऱ्याला वाटत राहतं. ही घरातली थट्टा आहे. फक्त पडद्याला दार नसतं, कोण कुठून बघेल सांगता येत नाही.

लुबिच १९२२ साली अमेरिकेला गेला. १९३५ मध्ये नाझींनी त्याचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं. १९४० च्या आरंभी त्याचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' आला. पुन्हा दुकानच, पण बुडापेस्टमधलं, चामड्याच्या वस्तूंचं. मालक माटुशेक भल्या स्वभावाचा, पण संशयाने पछाडलेला. बायकोचं कुणाशी तरी सूत आहे म्हणून तो सगळ्यात भरवशाच्या नोकराला काढतो आणि गुन्हेगार निघतो भलताच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी हा मालक दुकानाबाहेर बर्फात उभा राहून, आपल्याबरोबर जेवायला कुणी मोकळं आहे का, हे चाचपतो. शेवटी नवा पोऱ्या हो म्हणतो. हा प्रसंग मी तीनदा पाहिला.

या दुकानात कुणाचाच धर्म कळत नाही, नावांवरूनही नाही. खऱ्या हंगेरीत तेव्हा १९३८ आणि १९३९ चे कायदे लागू झालेले होते. ज्यूंना किती नोकऱ्या, किती परवाने मिळणार यावर मर्यादा आली होती. लुबिचने त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

त्याच १९४० च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये नाझींचा प्रचारपट लागला, 'डेर एविगं युडं', म्हणजे चिरंतन ज्यू. त्यात ज्यूंच्या जोडीला उंदरांचे थवे दाखवले आहेत. आणि एका जुन्या फितीत, जर्मनीला धोकादायक ठरवलेल्या माणसांच्या रांगेत, लुबिचचा चेहरा आहे.