इराण्याच्या टेबलावर

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि ते आटोपल्यावर मंडळींपुढे चहा व बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता ओठ लावला, कोणी पेला तसाच बाजूस सारला. परंतु ‘पुणे वैभव’ पत्रात नावे झळकताच बालंट सर्वांवर सारखेच आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी ते १८९२ साली घेतले आणि स्वपक्षीयांचाच रोष ओढवून घेतला. आज या ग्रामण्याचे आम्हांस हसू येते खरे. पण परहस्ताचे अन्न घ्यावे की नाही, हा प्रश्न त्या काळी जातीत राहण्या-न राहण्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे पंचेचाळीस वर्षांनी, १९३५ साली, डेक्कन जिमखान्यावर फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी एका इराणी कुटुंबाने ‘गुडलक’ हे उपाहारगृह थाटले. यझ्द आणि केरमान या प्रांतांतून पोटासाठी मुंबई-पुण्याकडे आलेल्या या लोकांत काही जरथुष्ट्री होते, काही मुसलमान. दुकान सकाळी उघडे, ते रात्रीपर्यंत चाले. एका कपावर तासभर बसले तरी कोणी उठवीत नसे, ही तर विद्यार्थ्यांना पर्वणीच! जवळ कॉलेज होते, आणि १९३३ साली कोल्हापूर सोडून आलेल्या प्रभात फिल्म कंपनीची मंडळीही गावात होती.

टेबलावर काय येई, ते पाहण्यासारखे आहे. चहा मूळचा चीनचा. ‘चा’ हे त्याचे चिनी नाव फारसीत ‘चाय’ झाले. पाव पोर्तुगीजांचा, नावासकट. खिमा हा शब्द तुर्की मुलखातून फारसीच्या वाटेने आला. एवढा खंडोखंडीचा प्रवास एका बशीत सामावलेला. पण खाणाऱ्याच्या ध्यानात काय राही? मस्का ताजा होता की नाही, एवढेच.

जे सुधारकांस जमले नाही, ते इराण्यास कसे साधले? आमच्या मते तो आमच्या कोणत्याच जातीचा नव्हता, हेच त्याचे बळ. खाणावळीत वाढप्याची जात पाहिली जाई आणि जेवणाऱ्याचीही. इराणी पैसे मोजून घेई आणि गिऱ्हाइकाचे गोत्र विचारीत नसे. सुधारक मनुष्याकडून कबुली मागत. इराण्याने कोणाकडून काही कबूल करवून घेतले नाही. शिवाय तेथे खाल्लेले घरी सांगावेच असे थोडेच होते! आमच्या मागल्या पिढीतील कित्येकांनी पहिले आम्लेट असेच, रुमालाने तोंड पुसून, पचविले असेल.

तथापि या टेबलाचे गोडवे बेताने गावेत. स्त्रिया तेथे कितीशा बसत? ज्यांना पाणवठाही बंद होता, त्यांच्यासाठी गावोगावची उपाहारगृहे सौजन्याने उघडली नाहीत. त्यास २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम लागले. त्यात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख आहे. कायदा करणारांस मोठमोठ्या तत्त्वांबरोबर हॉटेलाचे दारही लिहून ठेवावे लागले, ते उगाच नव्हे.

डेक्कनवरील त्या चौकास पुणेकर आजही ‘गुडलक चौक’ म्हणतात. रिक्षावाल्यास एवढे सांगितले की पुरे होते.