मसूर स्टेशनवरची बैलगाडी

परवा कात्रपच्या घरी भाचीला 'भीमायन' वाचून दाखवत होतो. २०११ सालचं पुस्तक. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. टोचणाऱ्या बोलण्याच्या फुग्यांना चक्क विंचवाची नांगी!

१९०१ साली छोटे भीमराव, भाऊ आणि भाचे वडिलांकडे निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, पण बैल मुलांनीच हाकायचे, गाडीवाला शेजारून चालणार. रात्री डबा उघडला, तर प्यायला पाणी नाही...

भाचीने विचारलं, "पैसे दुप्पट घेतले ना, मग तो बसला का नाही?"

सांगता सांगता मला आजीच्या पडवीतला कान तुटलेला, वेगळा ठेवलेला कप आठवला. नातेवाईक वाचत असतील तर त्यांनाही आठवेल. भाचीला तोही सांगितला.