कालियाचं कूळ

अक्राळविक्राळ प्राण्याचा जुना चित्रपट आणि त्याचा पुढचा भाग म्हटलं की आपल्याला परदेशच आठवतो. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा दुसरा भाग १९३५ साली आला. त्याच्या सोळा वर्षं आधी, १९१९ मध्ये, नाशिकात दादासाहेब फाळके यांनी ‘कालिया मर्दन’ पूर्ण केला होता. आदल्या वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये यमुनेतून वर येणारा कालिया आणि त्याच्या फण्यावर उभा बाळकृष्ण लोकांनी पाहिला होता. पुढच्या चित्रपटात फाळक्यांनी तोच साप पुन्हा आणला आणि आता प्रेक्षकाला थेट डोहाच्या तळाशी नेलं.

हा साप आला कुठून? पुराणातून, हे खरंच. पण पडद्यावरच्या कालियाचं कूळ फाळक्यांच्या हातांत आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात ते चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, मग छपाई. शिवाय जादू. आपलं आडनाव उलटं करून ते ‘प्रोफेसर केळफा’ नावाने प्रयोग करत. फ्रान्सचा सुरुवातीचा चित्रपटकार मेलिएसही आधी जादूगारच होता. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होतं, तो हाच हातखंडा.

‘कालिया मर्दन’ची सुरुवात मला फार आवडते. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आधी नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. पुढे खोड्या, आणि शेवटी ती झुंज. खाली पाण्यात पोर सापाशी झगडतंय, वर काठावर गोकुळ हवालदिल झालंय. फाळके आपल्याला सारखे खाली-वर नेतात. साप बनवलेला आहे हे दिसतं, तरी जीव टांगणीला लागतो. माझ्या मते ही झुंज फाळक्यांच्या आज टिकून राहिलेल्या कामात सर्वांत श्रेष्ठ आहे. ती आज पाहता येते याचं श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं आणि तिथल्या पी. के. नायर यांचं.

हे सगळं मी पाबळच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. फाळकेही असेच, स्वतः करून बघत शिकले. म्हणून इथल्या शिक्षकांना विनंती: एका संध्याकाळी पडदा बांधा आणि मुलांना ‘कालिया मर्दन’ दाखवा. उरलेला चित्रपट तासाभराच्या आत संपतो. तो मूक आहे, तेव्हा गावातल्या भजनी मंडळाला पेटी-पखवाज घेऊन बोलवा. आणि दुसऱ्या दिवशी मुलांना बांबू, कापड आणि रंग द्या. त्यांचा कालिया त्यांना बनवू द्या.