एकट्याचा ताफा

सिडने बेशे हा न्यू ऑर्लिन्सचा क्लॅरिनेटवादक १८ एप्रिल १९४१ रोजी आरसीए व्हिक्टर कंपनीच्या स्टुडिओत गेला, तो साथीदारांना न घेता. त्या दिवशी क्लॅरिनेट, दोन जातींचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम ही सहाही वाद्ये त्याने एकामागून एक स्वतः वाजवली आणि ‘द शेख ऑफ अरेबी’ची तबकडी तयार झाली. पहिल्या वाद्याची तबकडी कापायची, ती लावून तिच्यावर दुसरे वाद्य वाजवायचे आणि दोन्ही मिळून नवी तबकडी कापायची, अशी ती रीत होती. प्रत्येक फेरीत आधीचे वाद्य थोडे मागे सरे आणि खरखर थोडी वाढे. आज घरच्या खोलीत संगणकापुढे बसून एकटाच अख्खे गाणे उभे करणारा कलावंत आपल्याला ओळखीचा झाला आहे. त्याची वंशावळ मांडायची तर बेशेचे नाव बरेच वर घालावे लागते. मात्र स्टुडिओ कंपनीचा होता, तंत्रज्ञ कंपनीचे होते आणि त्यांच्या लेखी हा सगळा एक गमतीचा प्रकार होता. बेशे परत आपल्या साथीदारांकडे गेला.

यंत्र घरात आणले ते गिटारवादक लेस पॉलने. हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने तबकडी कापण्याचे यंत्र स्वतः जुळवले आणि त्याला कॅडिलॅक मोटारीचे फ्लायव्हील बसवले, कारण तबकडी एकसारख्या गतीने फिरायची तर तसलेच जड चाक हवे. १९४८ साली कॅपिटॉल कंपनीने काढलेल्या त्याच्या ‘लव्हर’मध्ये आठ गिटारी ऐकू येतात आणि त्या आठही त्याच्याच आहेत. काही जागा त्याने यंत्र निम्म्या गतीवर ठेवून वाजवल्या. पूर्ण गतीवर त्या दुप्पट वेगाने, वरच्या सप्तकात उमटतात. तोवर हे सगळे तबकडीवरच चालले होते. फीत त्याच्या हाती कशी आली हे पाहायला आपल्याला थोडे जर्मनीत जावे लागते. एईजी कंपनीने १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे फितीवर चालणारे यंत्र मांडले होते. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्यातला जॅक मलिन हा अभियंता अशी दोन यंत्रे, भाग सुटे करून, पन्नास फितींसह मायदेशी घेऊन आला. त्याच सुमारास दर आठवड्याला रेडिओवर थेट कार्यक्रम करण्याचा गायक बिंग क्रॉसबीला कंटाळा आला होता. १९४७ पासून त्याचा कार्यक्रम फितीवर भरला जाऊ लागला. अँपेक्स या नवख्या कंपनीत त्याने पन्नास हजार डॉलर घातले आणि १९४९ मध्ये तिचे एक यंत्र लेस पॉलला भेट दिले. गंमत अशी की या प्रवासात एकट्या वादकाचा विचार कोणीच केला नव्हता. जर्मनांना भाषणे आणि संगीतसभा जपायच्या होत्या, क्रॉसबीला मोकळा वेळ हवा होता.

पॉलने त्या यंत्रात फितीवरचा आवाज ऐकवणारे एक जादा हेड बसवून घेतले. त्यामुळे आधीचे वादन ऐकत नवे वाजवता येई आणि दोन्ही एकाच फितीवर उतरत. मात्र नवे उतरताना जुने पुसले जाई, त्यामुळे शेवटच्या फेरीत हात चुकला की पहिल्यापासून सुरुवात. तरी याच पद्धतीने त्याने आणि पत्नी मेरी फोर्डने केलेले ‘हाउ हाय द मून’ १९५१ मध्ये नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. तिचा एकटीचा आवाज त्यात थरावर थर चढून अख्खा वृंद होतो. पुसले जाण्याची ही भीती संपवली अँपेक्समधल्या रॉस स्नायडरने. एकाच रुंद फितीवर समांतर आठ ट्रॅक, आणि ज्या हेडने ध्वनिमुद्रण होते त्याच हेडने शेजारचा ट्रॅक ऐकण्याची सोय, अशी त्याची कल्पना होती. ऐकण्याचे हेड थोडे पुढे असल्याने आधीचे वादन कानावर यायला जो किंचित उशीर होई, तो यामुळे नाहीसा झाला. असे पहिले यंत्र १९५७ मध्ये दहा हजार डॉलरना लेस पॉलच्या न्यू जर्सीतल्या घरी पोचले. माणसाला स्वतःचीच संगत करता येऊ लागली ती खऱ्या अर्थाने इथपासून, असे मला वाटते. पण दहा हजार डॉलर म्हणजे तेव्हा एक बरे घर. ती संगत पुढे दशकभर श्रीमंतांपुरतीच राहिली.

१९६९ च्या डिसेंबरात पॉल मॅकार्टनीने लंडनच्या आपल्या घरी स्टुडरचे चार ट्रॅकचे यंत्र आणवले. मिक्सर नव्हता, पातळी दाखवणारा काटा नव्हता. मायक्रोफोनची वायर थेट यंत्राच्या पाठीत खोचून त्याने बीटल्स फुटण्याच्या दिवसांत बरीच गाणी एकट्याने बांधली. १७ एप्रिल १९७० रोजी ती ‘मॅकार्टनी’ या नावाने बाहेर आली, तेव्हा समीक्षकांनी त्यांना अर्धीकच्ची ठरवले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावी एमिट ऱ्होड्स नावाच्या विशीतल्या मुलाने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये सगळी वाद्ये स्वतः वाजवून पहिली ध्वनिमुद्रिका केली. ती इतकी नेटकी होती की बीटल्सशी तुलना झाली. पण करारात सहा महिन्यांना एक ध्वनिमुद्रिका असे कलम होते. सगळे एकट्याने करणाऱ्याला ते अशक्यच होते. कंपनीने त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा लावला. १९७३ नंतर त्याची पुढची ध्वनिमुद्रिका यायला २०१६ साल उजाडले. घरी काम करणाऱ्याला वेळ कारखान्याच्या घड्याळाने मोजून दिला की काय होते, याचा हा जुना दाखला आहे. नॅशव्हिलच्या आर. स्टीव्ही मूरने कंपन्यांचा नादच सोडला. त्याच्या ‘फोनोग्राफी’च्या १९७६ साली शंभरच प्रती निघाल्या, आणि पुढे तो घरी भरलेल्या कॅसेटी टपालाने विकत राहिला.

कॅसेट हेच या कथेतले पुढचे वळण. १९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे चार ट्रॅक ते एकाच दिशेने, दुप्पट गतीने वापरी. मिक्सर त्यातच होता, आणि किंमत हजार डॉलरच्या आसपास. गाण्याचा कच्चा खर्डा, म्हणजे डेमो, घरी करायचा आणि पक्के ध्वनिमुद्रण स्टुडिओत, अशी त्यामागची समजूत होती. ब्रूस स्प्रिंगस्टीनने ते घेतले तेही याच हेतूने. ३ जानेवारी १९८२ रोजी न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात, खुर्चीत बसून, दोन साध्या मायक्रोफोनांपुढे त्याने एका बैठकीत बहुतेक गाणी गाऊन घेतली. यंत्र सांभाळायला त्याचा गिटार-तंत्रज्ञ माइक बॅटलन होता. मिश्रण उतरवले एका जुन्या टेपरेकॉर्डरवर, जो एकदा नदीत पडून वाचला होता. ती कॅसेट, डबीशिवाय, तो खिशात घालून हिंडत असे. मग ई स्ट्रीट बँडला घेऊन स्टुडिओत तीच गाणी पुन्हा वाजवून पाहिली. वादन चोख होते, पण खुर्चीतल्या त्या आवाजातली ओसाडी त्यात येईना. शेवटी खिशातली कॅसेटच छापायचे ठरले आणि खरी कसरत सुरू झाली. कॅसेटवरचा आवाज इतका दबका होता की तो लाँगप्लेच्या खोबणीत धड उतरत नव्हता. वेगवेगळ्या ठिकाणी प्रयत्न झाल्यावर ते जमले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाली आणि खर्डा हीच कलाकृती ठरली. पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये डॅनियल जॉन्स्टनने साध्या टेपरेकॉर्डरवर ‘हाय, हाउ आर यू’ केले. सुरुवातीला प्रत काढायची सोय नसल्याने कुणाला कॅसेट द्यायची झाली की तो सगळी गाणी पुन्हा गाई, असे सांगतात.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? मुंबई-पुण्यातल्या रसिकांच्या घरी स्पूल टेपरेकॉर्डर आले होते, पण ते खासगी बैठकी जपण्यासाठी. यंत्र श्रोत्याकडे होते, गायकाकडे नव्हे. त्या रसिकांचे ऋण मोठे आहे. चित्रपटगीतांची दुनिया तर एकट्याच्या अगदी विरुद्ध टोकाला होती. एका दालनात मोठा वाद्यवृंद, सेबॅस्टियन डिसूझा किंवा फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोवेकर संयोजकांनी लिहिलेली नोटेशन्स, आणि सगळ्यांचा मिळून एक टेक. या जगातलाच एक वादक चरणजित सिंग. १९८२ मध्ये त्याने रोलँडची तीन यंत्रे जोडून मुंबईत दहा राग डिस्कोच्या तालावर वाजवले. एचएमव्हीने ध्वनिमुद्रिका काढली, ती खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते थक्क झाले, कारण शिकागोत नंतर जन्मलेल्या ‘अॅसिड हाउस’शी तिचे साम्य उघड होते. १९८९ मध्ये ए. आर. रहमानने चेन्नईत घराच्या आवारात स्टुडिओ बांधला आणि १९९२ च्या ‘रोजा’ चित्रपटाने रहमान देशाला माहीत झाला. पुढच्या दशकात की-बोर्डवर व्हायोलिनांचा ताफा मिळू लागला, तसे मुंबईतल्या खऱ्या व्हायोलिनवादकांना बोलावणे कमी झाले. एकट्याच्या स्वातंत्र्याचा इतिहास कौतुकाने लिहिताना ही बाजू बहुधा राहून जाते. काम कमी झालेल्यांत गोव्याहून आलेली वादकांची कुटुंबेही होती.

उरलेला प्रवास भराभर सरतो. १९९२ पासून अलेसिसच्या एडॅट या यंत्रामुळे व्हिडिओ कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक मिळू लागले. १९९६ मध्ये क्यूबेस या सॉफ्टवेअरने फीत पूर्ण बाजूला सारून सगळे संगणकाच्या पोटात घेतले. २००४ मध्ये गॅरेजबँड हे सॉफ्टवेअर अॅपलच्या संगणकासोबतच येऊ लागले. नावात गॅरेज आहे, गॅरेजची गरज मात्र संपली होती. २००८ मध्ये बँडकॅम्प हे संकेतस्थळ आल्यावर विकण्यासाठीही मूरसारखे टपालखाते लागेना. बिली आयलिशने भाऊ फिनियसच्या लॉस एंजेलिसमधल्या खोलीत केलेल्या ध्वनिमुद्रिकेला २०२० मध्ये ग्रॅमीचे प्रमुख मान मिळाले, तोवर घरी केलेले म्हणजे कच्चे हा समज मोडला होता. संगणकात खर्डा आणि पक्की प्रत असा भेदच उरत नाही. पहिल्या दिवशी उघडलेल्या फायलीतच शेवटचा सूर भरला जातो. २०२५ साली ‘नेब्रास्का’ची विस्तारित आवृत्ती निघाली आणि बँडसह स्टुडिओत केलेली, त्रेचाळीस वर्षे कपाटात राहिलेली ती गाणी प्रथमच लोकांना ऐकायला मिळाली. ती मूळ कॅसेटसोबत, पुरवणी म्हणून जोडलेली आहेत.